संत्र्याची सालं आणि तेहतीस कोटी

शेतकऱ्याच्या अर्ध्या एकरालाही आरोग्य पत्रिका असते. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. २०१५पासून सरकार या १२ तपासण्या करून कागद हातात ठेवतं. शेतकरी तो वाचतो, की घडी घालून सातबाऱ्यात सरकवतो आणि युरिया नेहमीप्रमाणे कृषी सेवा केंद्रवाल्याला विचारून टाकतो, हा वेगळा विषय. कागद तरी आहे. बांध ओलांडून वन खात्याच्या डोंगरावर पाऊल ठेवलं की आरोग्य पत्रिका संपते आणि निमंत्रणपत्रिका सुरू होते.

ही निमंत्रणपत्रिका देशात १९५०पासून निघते आहे. त्या वर्षी केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सव सुरू केला. मुन्शी गुजरातीतले मोठे कादंबरीकार. कादंबरीकार मंत्री झाला की योजनेची सुरुवात झकास होते; शेवट काय तो वाचकांनी कल्पनेने पुरा करायचा. महाराष्ट्राने हा वारसा मनावर घेतला २०१६ साली. १ जुलैला, एका दिवसात २ कोटी झाडं. २०१७ला ४ कोटी. २०१८ला १३ कोटी. २०१९ला ३३ कोटी. ज्या वेगाने हा आकडा वाढत गेला त्या वेगाने माती वाढली असती तर सह्याद्रीने एव्हाना हिमालयाला वाकून पाहिलं असतं.

३३ कोटी हा आकडा कुठून आला ते कळायला पंचांग लागत नाही. फक्त देवांच्या बाबतीत ‘जिवंत टक्केवारी’ कुणी मागत नाही, झाडांच्या बाबतीत ती मागितली गेली. सरकार बदललं, आरोप झाले, २०२१ साली विधिमंडळाची चौकशी समिती आली. झाडं लावली किती, जगली किती, पैसे गेले कुठे, यावर रीतसर खडाजंगी. पण ज्यात ती लावली त्या मातीचं काय झालं, हा प्रश्न विरोधी बाकांवरही कुणाला सुचला नाही. माती मतदान करत नाही आणि फोटोत खालून कापली जाते.

आपणच एक हिशेब करू. रोपवाटिकेतल्या काळ्या पिशवीत माती असते, थोडं शेणखत, थोडी वाळू. पिशवीमागे अर्धा किलो माती धरा. कंजूषपणा आहे, पण धरा. ३३ कोटी पिशव्यांना साडेसोळा कोटी किलो, म्हणजे १ लाख ६५ हजार टन. दहा टनी डंपरने साडेसोळा हजार खेपा. ही माती ढगातून पडत नाही. कुठल्या तरी ओढ्याकाठची, कुठल्या तरी विकलेल्या शेताची, बंगल्याच्या पायासाठी फोडलेल्या उताराची वरची वीतभर माती खरवडून ती आलेली असते. एका डोंगराचं भलं करायचं म्हणून दुसरीकडचा डोंगर पिशवीत भरायचा, आणि मेलेल्या रोपासकट ती पिशवी तिसऱ्या डोंगरावर सोडून यायची. यालाच आपल्याकडे हरित महाराष्ट्र म्हणतात.

आता खड्डा. खड्ड्याचं माप ठरलेलं असतं: ४५ सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच खोल. खड्डा मोजता येतो, म्हणून त्याचं बिल निघतं. जे मोजता येत नाही ते खड्ड्याआधी घडतं, आणि त्याचं नाव ‘साफसफाई’. करवंदीच्या जाळ्या, कारवी, तोरण, उक्षी, घाणेरी हे सगळं झुडूप, म्हणजे कचरा. ते तोडायचं, ढीग करायचा, पेटवायचा. मग उघड्या उतारावर ऐन उन्हात खणाखणी. हजारो खड्ड्यांची उकरलेली माती बाजूला रचलेली. पहिला वळीव येतो आणि अर्धी ओढ्यात घेऊन जातो. उरलेल्या मातीतला कर्ब ऊन आणि हवा लागल्यावर भराभर जळून जातो. वर वाळवी लागू नये म्हणून खड्ड्यात कीटकनाशकाची चिमूट. उष्ण प्रदेशातल्या जंगलात पडलेलं लाकूड आणि पाचोळा फोडून मातीत मिसळण्याचं बरंचसं काम ही वाळवी करते. तिला आधी मारायचं आणि नंतर ‘मातीत जीव राहिला नाही’ म्हणून परिसंवाद घ्यायचा.

आणि ज्या करवंदीची होळी केली तिच्या काट्यांआड काय चाललेलं असतं? करवंदं खायला बुलबुल येतो, जाताना आणखी कुठल्या झाडाचं बी टाकून जातो. काट्यांमुळे गुरांचं तोंड आत जात नाही. जाळीतला पाला तिथेच कुजतो, सावलीत ओल धरून राहते, आणि चार-सहा वर्षांत करवंदीच्या डोक्यावरून एखादं जांभूळ किंवा अंजनी मान काढते. बुलबुल हे काम खतासकट करतो. पण त्याची निविदा नसते, त्याचा फ्लेक्स नसतो, आणि रिबन कापायला तो थांबत नाही. म्हणून ती जमीन कागदोपत्री ‘निकृष्ट’.

मुळात गोम अशी आहे. थंड देशांत पाचोळा सावकाश कुजतो, वर्षानुवर्षं साचतो, जमिनीत काळाभोर साठा तयार होतो. तिथलं जंगल तुटलं तरी गाठीला काहीतरी राहतं. आपल्या उष्ण, दमट मुलखातलं जंगल म्हणजे हातावर पोट असलेलं घर. गाठीला फारसं काही नाही. आजचं पान पडलं, वाळवी-बुरशी-गांडुळांनी ते फोडलं, मुळांनी वरच्या वर उचललं, तर उद्याचं पान. रोज बुडाला की चूल विझते. त्यात सह्याद्रीवर तीन-चार हजार मिलिमीटर पाऊस. विरघळण्यासारखं असेल ते सगळं समुद्राला मिळतं. मागे राहतं लोह आणि ॲल्युमिनियम, ज्यांचा जांभा बनतो आणि जे उरलंसुरलं स्फुरद मुठीत आवळून बसतात. मातीत स्फुरद आहे, झाडाला मिळत नाही. कोकणातल्या कुठल्याही कृषी सहायकाला विचारा, तो पहिलं वाक्य हेच बोलेल.

कोकणातल्या शेतकऱ्याला हे प्रयोगशाळेवाचून माहीत होतं. ऐनाच्या फांद्या उतरवायच्या, तो कवळ भाताच्या रोपाच्या जागेवर अंथरायचा, वर शेण, पाचोळा, माती, आणि उन्हाळ्यात पेटवून द्यायचं. हा राब. जंगलाची कमाई पानात असते हे ओळखून ती खाचरात आणण्याची युक्ती. इंग्रजांच्या वन खात्याला ती डोळ्यांत खुपली. ठाणे-कुलाब्यात इतकी ओरड झाली की १८८५ साली मुंबई सरकारला आयोग बसवावा लागला. खातं म्हणालं, यांच्यामुळे जंगल बोडकं होतं. शेतकरी म्हणाला, कवळ नसेल तर भात होत नाही. दोघंही खरंच बोलत होते. निदान तेव्हा भांडण पानापाचोळ्यावरून, म्हणजे मातीवरून होतं. आता ते टक्केवारीवरून होतं, आणि जिवंत रोपांची टक्केवारी ही त्यातली एकच.

१९८०च्या दशकात सामाजिक वनीकरण आलं आणि त्याचा हात धरून आली ऑस्ट्रेलियन बाभूळ, खात्याच्या बोलीत आकेशिया. कोकण, गोवा, कारवार, जिथे उघडा जांभा दिसला तिथे ती लागली. हिची गंमत म्हणजे हिची मोठेपणीची पानं ही पानंच नसतात, चपटे झालेले देठ असतात. सरकारी योजनेसाठी इतकं समर्पक झाड शोधून सापडलं नसतं. हे देठ चिवट. लवकर कुजत नाहीत. खाली जाड थर साचतो आणि पाहणीला आलेल्या साहेबांना वाटतं, वा, काय पाचोळा! मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र पकडतात, हे खरं आहे. पण दाट लागवड करायची आणि ठरावीक वर्षांनी तोडून न्यायची, असं चाललं की लाकडाबरोबर मातीतलं चुन्यासारखं क्षारद्रव्यही ट्रकमध्ये चढतं, आणि आधीच आम्लधर्मी असलेली कोकणची माती आणखी आम्लधर्मी होते.

आकेशियाला सरसकट शिव्या देणाऱ्यांच्या मेळ्यात मी नाही. उघड्या कातळावर ती टिकली, हे तिचं श्रेय. तिच्या लाकडावर चुली पेटल्या म्हणून शेजारच्या ऐन-किंजळाची मान वाचली, हेही. पण तिच्या सावलीत स्थानिक झाडं वाढवायची आणि तिला टप्प्याटप्प्याने बाहेर काढायचं असतं. हा दुसरा टप्पा कुठल्याही अंदाजपत्रकात कधी आला नाही. शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात जगदीश कृष्णस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाणी जमिनीत किती वेगाने मुरतं ते मोजलं: नैसर्गिक जंगलात, उजाड झालेल्या जंगलात आणि आकेशियाच्या रोपवनात. रोपवनातली जमीन उजाड जमिनीपेक्षा सुधारलेली. पण नैसर्गिक जंगलाच्या पंक्तीला बसण्याइतकी काही झालेली नव्हती. वरून दोन्ही हिरवी, म्हणजे उपग्रहाला दोन्ही सारखी. पाऊस मात्र उपग्रहाचं ऐकत नाही, सरळ उतारावरून पळतो.

गिरीपुष्पाची तऱ्हा वेगळी. हे मूळचं मध्य अमेरिकेकडचं. पानं भराभर कुजतात, नत्राने भरलेली असतात. कृषी विद्यापीठवाले ते बांधावर लावून पाला भातात गाडायला सांगतात, आणि बरोबर सांगतात. तेच झाड वन खात्याने पुण्याच्या टेकड्यांवर नेलं आणि उतारच्या उतार एकाच जातीने भरून टाकले. खातं एक, झाड एक, टेकडी एक: कारभार सुटसुटीत. आता पुणेकर तिथे पहाटे फिरायला जातात आणि या झाडाखाली दुसरं काही उगवतं की नाही यावर वाद घालतात. पुणेकरांना विषय पुरवणं ही त्या वनीकरणाची एकमेव टिकाऊ फलनिष्पत्ती.

सागाचं काय? साग आपलाच, स्वदेशी. म्हणून त्याला कुणी बोलत नाही. १९७४ साली राज्यात वन विकास महामंडळ निघालं, मुख्यालय नागपूर. मिश्र जंगल कमी उत्पन्नाचं ठरवून त्याच्या जागी सागाच्या शिस्तशीर रांगा उभ्या करण्याचं काम या महामंडळाने वर्षानुवर्षं केलं. सागाचं पान सुपाएवढं. पावसाचे थेंब त्यावर जमतात, एकत्र होतात आणि मूळच्या थेंबापेक्षा मोठा थेंब होऊन तीन-चार पुरुष उंचीवरून जमिनीवर आदळतो. खाली झुडूप आणि पाचोळा असेल तर तो मार झेलला जातो. पण झुडूप ‘साफ’ केलेलं आणि पाचोळा उन्हाळी वणव्यात गेलेला. मग हा थेंब थेट मातीवर. सागाच्या बनात पावसाळ्यात जाऊन पाहा. खोडांच्या तळाशी मुळं उघडी पडलेली दिसतील आणि ओढा चहाच्या रंगाचा. हिशेबात मात्र तेही ‘वनाच्छादन’.

नागपूरचा विषय निघालाच आहे तर संत्र्यांकडे वळू. नागपूरकरांनी लगेच कॉलर ताठ करू नये; ही संत्री कोस्टा रिकातली आहेत.

कोस्टा रिकाच्या वायव्य टोकाला ग्वानाकास्ते नावाचा प्रांत आहे. एके काळी तिथे आपल्यासारखंच पानगळीचं जंगल होतं. ते तोडून गुरांची कुरणं केली, आफ्रिकेतून जारागुआ नावाचं उंच गवत आणून पसरवलं आणि ते दर वर्षी जाळलं. परिणाम असा की माती दगडासारखी घट्ट आणि जंगल परत यायचं नाव घेईना. डॅनियल जॅन्झेन आणि विनी हॉलवॉक्स हे जीवशास्त्रज्ञ जोडपं तिथे १९८०च्या दशकात हे जंगल परत आणायच्या मागे लागलं. यांच्या कामाचा मोठा भाग म्हणजे वणवे विझवणं. गावातलीच माणसं आगीच्या पाळीवर नोकरीला ठेवली. गवत कमी व्हावं, आग भडकू नये, म्हणून सुरुवातीला त्यांनी चक्क गुरं चरायला सोडली. हे वाचून आपल्याकडच्या चराईबंदीवाल्यांना भोवळ येईल. बाकीचं काम वाऱ्यावर आणि पक्ष्यांवर सोपवलं.

त्या संरक्षित क्षेत्राच्या सीमेवर देल ओरो नावाची संत्र्याचा रस काढणारी कंपनी होती. रस बाटलीत जातो, साल आणि चोथा कुठे न्यायचा? जॅन्झेन यांनी सौदा सुचवला: तुमच्या मालकीचा जंगलाचा तुकडा संरक्षित क्षेत्राला द्या, आणि सालं आमच्या उजाड कुरणावर आणून टाका, फुकट. कंपनीने टाकली. १९९८ साली एक हजार ट्रक, १२ हजार टन सालं, तीन हेक्टरांवर. म्हणजे दर चौरस मीटरला चारशे किलो. वास, माश्या, अळ्या, विचारू नका. खालचं जारागुआ गवत गुदमरून मेलं, अळ्यांनी आणि बुरशीने सालं फस्त केली, आणि काही महिन्यांत तिथे काळी भुसभुशीत माती दिसू लागली.

मग जे व्हायचं तेच झालं, कोर्टकचेरी. तिकोफ्रूट नावाच्या प्रतिस्पर्धी कंपनीने दावा ठोकला: राष्ट्रीय उद्यानात घाण टाकली! प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि न्यायालयाने फिर्यादीची बाजू उचलून धरली. करार बंद, ट्रक बंद. त्या तीन हेक्टरांना सगळे विसरले. ही गोष्ट मला फार आपली वाटते. भाऊबंदकी, दावा, स्थगिती आणि विस्मरण; भाषा तेवढी स्पॅनिश.

२०१३ साली टिमथी ट्रूअर नावाचा प्रिन्स्टनचा संशोधक विद्यार्थी ती जागा पाहायला गेला. जागेवर पिवळ्या ठळक अक्षरांची पाटी होती म्हणे. त्याला ती सापडेना. वेलींखाली, झाडोऱ्याखाली ती गडप झालेली. सालं टाकलेली बाजू आणि रस्त्यापलीकडची न टाकलेली बाजू यांची रीतसर तुलना झाली, निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. सालांच्या बाजूला झाडांचा जमिनीवरचा जैवभार १७६ टक्क्यांनी वाढलेला, जाती जास्त, माती कसदार, वर छत्र दाट. तिथे कुणी रोप लावलं नव्हतं, खड्डा खणला नव्हता, मंत्री आला नव्हता. वकील तेवढे आले होते.

एखाद्या वेळचा योगायोग म्हणाल, म्हणून पुढचं ऐका. त्याच देशात दक्षिणेकडे कॉफीच्या फळांचा चोथा असाच अर्धा मीटर जाडीने, तीस ट्रक, एका जुन्या कुरणावर पसरला. दोन वर्षांत त्या तुकड्यावर ८० टक्के छत्र. शेजारच्या, चोथा न टाकलेल्या तुकड्यावर २० टक्के. इथेही आधी गवत गुदमरलं, मग मातीत कर्ब, नत्र आणि स्फुरद वाढलं, मग झाडं आली. क्रम लक्षात घ्या. आपल्याकडे आधी झाड, मग फोटो, मग पुढच्या जुलैत त्याच खड्ड्यात पुन्हा झाड.

हे आपल्याकडे करायचं म्हटलं तर? कोकणात काजूची बोंडं झाडाखाली सडतात, कॅनिंगवाल्यांच्या मागच्या अंगणात हापूसच्या कोयी-सालांचे डोंगर असतात. साखर पट्ट्यात तर कारखान्याच्या चेअरमनला निरुपयोगी वस्तूंची वानवा कधीच नसते. पण राखीव वनात ट्रकभर सालं घेऊन गेलात तर भारतीय वन अधिनियम १९२७ची कलमं वाचून दाखवली जातील, आणि ते चूक म्हणता येणार नाही, कारण आज सालं नेणाऱ्याच्या मागून उद्या पुणे-मुंबईचा सगळा कचरा ‘सेंद्रिय’ म्हणून डोंगरावर चढेल. आपल्याकडे कुठल्याही चांगल्या कल्पनेला कंत्राटदार सापडायला वेळ लागत नाही. शिवाय जांभ्याचा सडा ही काही उजाड झालेली वनजमीन नव्हे. तो तसाच असतो, पावसाळ्यात फुलतो. त्याच्यावर सालंही नकोत आणि माती आणून भरलेले खड्डेही नकोत. सातबाऱ्यावर पोटखराबा लिहिलंय म्हणून जमिनीला ते मान्य असतंच असं नाही.

एवढं सगळं न करताही माती परत येते, हा आणखी अडचणीचा भाग. २०२१ साली ‘सायन्स’ नियतकालिकात लूरेन्स पूर्तर आणि सहकाऱ्यांनी अमेरिका खंड आणि पश्चिम आफ्रिका मिळून ७७ ठिकाणच्या उष्ण कटिबंधीय जंगलांचा ताळेबंद मांडला. शेती किंवा कुरण सोडून दिल्यावर आपोआप वाढलेली जंगलं. सगळ्यात आधी काय सावरलं? माती. दहा वर्षांच्या आत ती जुन्या जंगलाच्या जवळपास पोहोचली. झाडांच्या जातींचा मूळचा मेळ जमायला मात्र १२० वर्षांहून जास्त लागतात. अटी दोनच, आधीचा वापर फार निर्दय नसावा आणि बी पुरवणारं जंगल फार लांब नसावं. याचा अर्थ, जो घटक आपण कधी तपासत नाही तो पहिल्या दहा वर्षांत स्वतःच उठून बसतो, फक्त आपण दर पाच वर्षांनी नवी योजना घेऊन त्याला उकरायला जाता कामा नये.

लावणंच चूक, असा याचा अर्थ काढणाऱ्या आळशांसाठी बोर्निओचं उदाहरण ठेवतो. सबाहमध्ये लाकूडतोडीने विरळ झालेल्या जंगलात स्थानिक झाडं लावली, वेली छाटल्या, वर्षानुवर्षं निगा राखली. आपोआप वाढणाऱ्या भागात दर हेक्टरी वर्षाला २.९ टन कर्ब साठत होता, इथे ४.४ टन, हा आकडा २०२०चा. तिथल्या मोठ्या झाडांना काही वर्षांच्या अंतराने एकदम बी धरतं, आणि जवळचे मातृवृक्ष तुटलेले असले की वाट पाहूनही काही येत नाही. तिथे लावावंच लागतं. खाणीने पोटापर्यंत खरवडलेल्या जमिनीलाही नुसती दृष्ट काढून चालत नाही. पण तिथे माणसं दोन दशकं थांबली. आपल्याकडे रोपवनाची देखभाल ठरावीक वर्षं होते, नंतर ते क्षेत्र ‘हस्तांतरित’. कुणाकडे? वणव्याकडे.

आणि थांबायला वेळ कुणाला आहे? पैसा वाट पाहतोय. १९८०च्या वन संवर्धन कायद्याप्रमाणे जंगल खाणीला किंवा रस्त्याला दिलं की बदल्यात दुसरीकडे लागवड. पर्यायी जमीन नसेल तर दुप्पट निकृष्ट वनजमिनीवर. हजारो वर्षांत बनलेली माती इकडे उपसायची आणि तिकडे ४५ सेंटिमीटरचे खड्डे खणून हिशेब चुकता करायचा. या भरपाईचा २०१९च्या ऑगस्टमध्ये केंद्राने राज्यांना वाटलेला आकडा ४७ हजार कोटींच्या वर होता. इतके पैसे असताना ‘काही करू नका’ म्हणणाऱ्या वनरक्षकाची बदली कुठे होईल, ते सांगत नाही. मग २०२४च्या फेब्रुवारीत ग्रीन क्रेडिटचा नियम आला: निकृष्ट वनजमिनीवर हेक्टरी किमान १,१०० झाडं, झाडामागे एक क्रेडिट. गवताळ माळ असो की खुरटं जंगल, आकडा तोच. टीका झाल्यावर २०२५मध्ये नियम बदलले. आता पाच वर्षं थांबा, ४० टक्के छत्र दाखवा. प्रगती आहे. झाडावरून मान वर करून छत्राकडे पाहिलं. खाली पाहायला अजून दोन-तीन अधिसूचना लागतील.

शहरांनी तर तेवढंही थांबायचं नाकारलं. अकिरा मियावाकी हे जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ थोर खरेच. आपण त्यांच्या नावाने मीटरभर माती उपसतो, भाताचं तूस, कोकोपीट, शेणखत कालवतो आणि चौरस मीटरला तीन-चार रोपं कोंबून उड्डाणपुलाखाली ‘घनदाट अरण्य’ उभं करतो. निदान तिथे माती तयार करण्यावर खर्च होतो, हे मान्य. शेणखत आणि माती कोणत्या तालुक्यातून आली, ते विचारायचं नाही.

टीकेपलीकडे काही सुचवा, असा आग्रह असतो. सुचवतो. खालील मसुदा कोणत्याही वन विभागाने विनामूल्य वापरावा.

जाहीर निविदा सूचना. कामाचे नाव: मौजे अमुक येथील निकृष्ट वनक्षेत्रात काहीही न करणे. मुदत: दहा पावसाळे. कंत्राटदाराने दर वर्षी फेब्रुवारीपूर्वी जाळरेषा काढाव्यात. वणवा लागल्यास देयक रोखण्यात येईल. आगीच्या पाळीवर त्याच गावचे वनमजूर बारमाही पगारावर ठेवावेत. करवंदीच्या जाळीस हात लावणाऱ्यास काळ्या यादीत टाकण्यात येईल. बुलबुल, वटवाघूळ व धनेश यांना बयाणा रक्कम माफ आहे. मोजमाप पुस्तिकेत खड्ड्यांच्या रकान्याऐवजी सामू, सेंद्रिय कर्ब व पाणी मुरण्याचा वेग नोंदवावा. पाच पावसाळ्यांनंतरही जिथे काही उगवले नाही तेवढ्याच जागी, दहा किलोमीटरच्या आतील जंगलातील बियांची रोपे लावावीत. उद्घाटन समारंभास हरकत नाही. नारळ फोडता येईल. शेंड्या, करवंट्या व हारांतील फुले जागेवरच टाकावीत, थर्माकोलच्या प्लेटा व मान्यवर त्याच दिवशी परत न्यावेत.